सर्व्हरची राखण

गेल्या वीसेक वर्षांत मराठीत रुजलेल्या वाक्यांची यादी कोणी करायला घेतली, तर 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्याला तिच्यात बरेच वरचे स्थान द्यावे लागेल. सातबाराचा उतारा हवा असो, रेशनच्या दुकानात अंगठा उमटवायचा असो की पीकविम्याचा अर्ज भरायचा असो, हे वाक्य ऐकून परत फिरलेला माणूस आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणत्याही एस. टी. स्थानकावर भेटेल. 'साहेब दौऱ्यावर आहेत' या जुन्या वाक्याची गादी त्याने चालवली आहे. भाषेची शिक्षिका म्हणून मला या वाक्याचे एक वैशिष्ट्य नेहमी जाणवते. त्यात कर्ता आहे, पण कर्तृत्व कोणाचेच नाही. पाऊस पडला नाही, वीज गेली, तसा सर्व्हर डाऊन झाला. जे घडले ते कोणी घडवले नाही आणि म्हणून कोणी त्याचे उत्तरही द्यायचे नाही.

हे वाक्य मी स्वतः एकदा एका विद्यार्थिनीच्या तोंडून ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. या लेखाचे मूळ तेथे आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. वर्ग बंद होते. महाविद्यालयाच्या एका खोलीत असलेल्या सर्व्हरवर मूडल ही शिक्षणप्रणाली बसवलेली होती आणि अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध विद्यार्थ्यांनी तीवर चढवायचे होते. शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत मुदत होती. दुसऱ्या दिवशी परंडा तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, काल सायंकाळपासून प्रयत्न करतेय. सर्व्हर डाऊन होता. निबंध गेलाच नाही." मी तिला जे उत्तर दिले ते आमच्या पेशातील शेकडो लोक रोज देतात. शेवटच्या दिवसाची वाट कशाला पाहिलीस? बाकीच्यांचे निबंध आले, मग तुझाच कसा राहिला? मुदतवाढ एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते, हेही मी सांगितले. तिला त्या विषयात अंतर्गत गुणांच्या रकान्यात शून्य मिळाले. गुणपत्रकावर माझी सही आहे.

पुढे वर्षभराने आमच्या प्राचार्यांनी मला एका खरेदी समितीवर नेमले. सर्व्हरच्या कार्यक्षमतेवर देखरेख ठेवणारे साधन निवडायचे आणि पुढील तीन वर्षांसाठी किती क्षमतेचा सर्व्हर लागेल याचा अंदाज बांधायचा, असे समितीचे काम होते. समितीत विज्ञानशाखेबाहेरचा एक सदस्य असावा म्हणून माझे नाव घातले गेले. माझे शिक्षण मराठी विषयात एम. ए. पर्यंतचे. सर्व्हर ही वस्तू मी तोवर कुलूप लावलेल्या दाराच्या काचेतूनच पाहिली होती. संगणकशास्त्र विभागातील एक तरुण सहकारी समितीत होते. त्यांनी मला पहिल्या बैठकीनंतर सांगितले, "मॅडम, तुम्ही फक्त प्रश्न विचारत राहा. आम्हांला सगळे ठाऊक आहे असे आम्हांला वाटते, तोच घोटाळा आहे."

पहिला प्रश्न मी शब्दाचाच विचारला. इंग्रजीत ज्याला मॉनिटरिंग म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचे? निरीक्षण, देखरेख, पाळत असे शब्द पुढे आले. मला आमच्या शिवारातला 'राखण' हा शब्द अधिक योग्य वाटला. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून पाखरे हाकणारा राखणदार पिकावर नजर ठेवतो, पण ती पिकाच्या भल्यासाठी. पाळत ही माणसावर ठेवतात आणि तिच्यात संशय असतो. हा भेद शब्दच्छल म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता, हे पुढे कळले. एका विक्रेत्याने जे साधन दाखवले, त्यात कोणता प्राध्यापक किती वाजता प्रणालीत शिरला आणि किती मिनिटे थांबला याचा रंगीत तक्ता निघत होता. समितीतील काहींना तो फारच आवडला. सर्व्हर गुदमरतो आहे का, हे मात्र त्या तक्त्यातून कळत नव्हते.

मुक्त स्रोतातील साधनांची नावे वाचताना मला आपल्या विषयात आल्यासारखे वाटले. नागिओस हे १९९९ मध्ये निघालेले साधन. आरंभी त्याचे नाव नेटसेंट, म्हणजे जाळ्याचा संत, असे होते. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २००२ मध्ये ते बदलावे लागले. नव्या नावाची जी विनोदी फोड त्याच्या कर्त्याने दिली, तिचा आशय असा की हे साधन आता संतपणाचा आग्रह धरणार नाही. ग्रीक भाषेत 'आगिओस' म्हणजे संतच, हे लक्षात घेतले म्हणजे कोटी पुरी होते. मुनिन हे दुसरे साधन. नॉर्स पुराणात ओडिन या देवाचे दोन कावळे आहेत. एकाचे नाव विचार, दुसऱ्याचे स्मृती. ते रोज जगभर उडून येतात आणि पाहिलेले त्याच्या कानात सांगतात. मुनिन म्हणजे यांतील स्मृती. प्रोमिथिअस हे तिसरे नाव. साउंडक्लाउड या संगीतसेवेतील अभियंत्यांनी २०१२ मध्ये ते घडवायला घेतले. रिगा शहरातून आलेले झॅबिक्स हे चौथे. त्याच्या नावात मला काही पुराण सापडले नाही.

नावांचे कौतुक संपल्यावर सहकाऱ्यांनी कामातला फरक समजावून दिला. नागिओसचा भर अवस्थेवर आहे. तो ठरावीक वेळाने जाऊन विचारतो आणि उत्तर चारांपैकी एका रकान्यात टाकतो : ठीक, इशारा, गंभीर आणि अज्ञात. हा चौथा रकाना मला फार प्रामाणिक वाटला. मुनिन दर पाच मिनिटांनी आकडे गोळा करून आलेख काढतो. प्रोमिथिअस अनेक यंत्रांच्या, सतत बदलणाऱ्या पसाऱ्यासाठी उत्तम, पण एका खोलीतील एका सर्व्हरसाठी त्याची मांडणी जड पडावी अशी. झॅबिक्स आकडे, इशारे आणि आलेख ही तिन्ही कामे एका ठिकाणी करतो. आम्ही नागिओस, मुनिन आणि झॅबिक्स ही तीन साधने एका सत्रापुरती चालवून पाहायचे ठरवले. त्यासाठी ग्रंथालयातील एक जुना संगणक मागून घेतला. ज्याची राखण करायची त्याच सर्व्हरवर राखणदार बसवला, तर सर्व्हर पडेल तेव्हा ओरडायलाही कोणी उरत नाही.

विक्रेत्याचा प्रस्ताव तोवर आला होता. आहे त्याच्या दुप्पट क्षमतेचा सर्व्हर घ्यावा, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की त्याच अहवालात आमच्या सर्व्हरच्या प्रोसेसरचा सरासरी वापर अत्यल्प दाखवलेला होता. वापर इतका कमी, तर दुप्पट कशासाठी? आणि खरोखरच कमी असेल, तर ती मुलगी खोटे बोलली काय?

सरासरीचा हा घोळ आमच्या जिल्ह्याला नवा नाही. अवर्षणप्रवण म्हणून हा जिल्हा ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागातील गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. वर्षाच्या सरासरीत तो पाऊस मिसळून टाकला की आकडा सुसह्य दिसतो, पण वाहून गेलेली माती सरासरीने परत येत नाही. सर्व्हरचेही असेच. तो वर्षातले तीनशे साठ दिवस रिकामा बसतो आणि चारपाच रात्री त्याच्या दारावर झुंबड उडते. त्याची परीक्षा त्याच रात्री असते.

गर्दीची वेळ अज्ञात असती तर एक वेळ क्षमा होती. पण ती बहुधा आपणच ठरवलेली असते. १६ जुलै २०२१ रोजी राज्यातील दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार, असे आधी जाहीर झाले होते. पंधरा लाखांहून अधिक मुलांचा निकाल होता. ठरल्या वेळी संकेतस्थळे कोलमडली आणि मुले कित्येक तास पडद्याकडे पाहत बसली. तारीख, वेळ आणि येणाऱ्यांची संख्या हे तिन्ही आकडे हाती असूनही हे घडले. तुळजापुरात आश्विनी पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाकडून पायी येणाऱ्यांचे लोंढे पोचतात. तेथील व्यवस्था कोणी वर्षाच्या सरासरी दर्शनार्थींवरून आखायला निघाले, तर त्याला कोणीही वेड्यात काढील. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ मध्ये बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल आपण सहलीत पाहतो. नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे जे दोन धबधबे पाहायला पावसाळ्यात गर्दी होते, त्या वस्तुतः जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटा आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील त्या बांधकाम करणाऱ्यांनी पाणी किती अडवायचे एवढाच विचार केला नाही, तर न मावणारे पाणी कोठून जाईल याचाही केला. क्षमतेचे नियोजन याहून वेगळे काय असते?

त्या सत्रातील निबंधांची शेवटची तारीख आली. रात्री नऊच्या सुमारास सहकाऱ्यांनी मला ग्रंथालयात बोलावले. झॅबिक्सच्या पडद्यावर प्रोसेसर निवांत होता. सर्व्हरवर एकाच वेळी दीडशे जोडण्या स्वीकारण्याची मर्यादा होती. ती प्रणाली बसवताना आपोआप आलेली होती आणि कोणी तिला हात लावलेला नव्हता. त्या दीडशेच्या दीडशे जागा भरलेल्या होत्या. एकशे एक्कावन्नावा विद्यार्थी दाराबाहेर उभा होता आणि आत बसलेल्यांपैकी बहुतेकांचे काम कूर्मगतीने चाललेले होते.

याचे गणित सहकाऱ्यांनी कागदावर मांडून दिले आणि ते मला समजले, म्हणून येथे देते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ज्याची सिद्धता दिली तो नियम अगदी साधा आहे. कोणत्याही स्थिरावलेल्या रांगेत एका वेळी असलेली माणसे म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारी मिनिटे. आमची मुले हाताने लिहिलेल्या निबंधाची मोबाइलवर छायाचित्रे काढून त्यांची फाईल करत. ती पंचवीस एमबीपर्यंत जाई. गावाकडच्या मंद जाळ्यावरून ती चढायला पंधरा मिनिटे लागत. मिनिटाला दहा मुले आली आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे लागली, तर आत दीडशे मुले. जागा भरल्या. मर्यादा तीनशे का करू नये, असे मी विचारले. प्रत्येक जागेला सुमारे पन्नास एमबी मेमरी लागते, म्हणजे दीडशेलाच साडेसात जीबी, आणि सर्व्हरची मेमरी एकूण आठ जीबी, हे उत्तर मिळाले. पण तीच फाईल दोन एमबीची केली, तर चढायला साधारण सव्वा मिनिट पुरते आणि आत एका वेळी बारातेराच मुले असतात. दुप्पट सर्व्हर घेऊन जे साधले नसते, ते छायाचित्रे लहान करण्याच्या एका सूचनेने साधणार होते. प्रत्येक वर्गाला निराळी शेवटची तारीख दिली, तर आणखी सोपे.

येथे मला त्या मुलीची आठवण झाली. मी सहकाऱ्यांना ती तारीख सांगितली आणि जुन्या नोंदी पाहता येतील का, असे विचारले. वेबसर्व्हरच्या नोंदी केवळ चौदा दिवस राहतात आणि मग पुसल्या जातात. त्या गेलेल्या होत्या. मूडलच्या स्वतःच्या नोंदी मात्र शिल्लक होत्या. त्यांत तिचे नाव सायंकाळी सहा वाजून काही मिनिटांनी पहिल्यांदा दिसले आणि रात्री पावणेबाराला शेवटचे. मध्ये सहा वेळा तिने निबंध चढवण्याचे पान उघडलेले होते. एकदाही फाईल पोचलेली नव्हती.

"आणि मॅडम," सहकारी म्हणाले, "ही फक्त जेवढ्या वेळा ती आत येऊ शकली तेवढी नोंद आहे. दारापाशीच अडली असेल, तर त्याची नोंदच होत नाही."

साधनाच्या निवडीविषयी मला जे सांगायचे आहे ते या वाक्यात आहे. सर्व्हरच्या आत बसलेले मोजमाप आत आलेल्यांचेच असते. बाहेर राहिलेल्यांचा आकडा त्यात नसतो, आणि राखण करायची ती मुख्यतः त्यांच्यासाठी. आपण साहित्याच्या इतिहासात हे नेहमी शिकवतो. जे लिहिले गेले आणि टिकले तेवढ्याचाच इतिहास होतो, जात्यावर म्हटले गेले आणि विरून गेले त्याचा होत नाही. हे वर्गात सांगणाऱ्या बाईने आपल्याच विद्यार्थिनीला 'बाकीच्यांचे आले' असे सुनावले होते. बाकीच्यांचे आले, हा आत पोचलेल्यांचा पुरावा होता.

समितीच्या अहवालात शेवटी आम्ही झॅबिक्सची शिफारस केली. त्यामागची कारणे तांत्रिक भाषेत फाईलमध्ये आहेत. येथे माझ्या भाषेत देते. पहिले असे की, ते साधन बाहेरच्या एखाद्या संगणकावरून विद्यार्थ्याप्रमाणे पान उघडून, प्रवेश करून पाहू शकते. महाविद्यालयाच्या आतल्या जाळ्यावर सर्व काही सुरळीत दिसत असताना गावातल्या मुलाला काय दिसते, हे त्याशिवाय कळत नाही. दुसरे, जुन्या आकड्यांचे ते काय करते? साठा वाढू नये म्हणून जवळपास सर्वच साधने कालांतराने तपशील आटवतात. मुनिनच्या वार्षिक आलेखात एका दिवसाला एकच बिंदू उरतो आणि रेषा सरासरीची असते. कमाल आकडा खाली लिहिलेला असतो, पण डोळा जातो तो रेषेवर. आमच्या त्या रात्रीचा डोंगर महिन्याभराने टेकडी झाला आणि पुढे सपाटच. स्मृतीचे नाव घेतलेल्या साधनाचे हे विसरणे मला चटका लावून गेले. झॅबिक्स दर तासाचा किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही आकडे राखतो आणि ते एकाच आलेखात दिसतात. तिसरे कारण इशाऱ्यांचे. चाचणीच्या पहिल्या आठवड्यात एवढे संदेश येऊ लागले की आम्ही ते वाचणेच सोडले. 'लांडगा आला रे' ही गोष्ट आपण दुसरीत शिकतो आणि विसरतो. शेवटी तीनच इशारे ठेवले : जागा ऐंशी टक्के भरल्या, डिस्क भरत आली, बाहेरून पान उघडेना. चौथे, हे सारे जाणणारे सहकारी उद्या दुसरीकडे गेले तर? म्हणून मांडणीची वही मराठीत लिहून ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले. फुकट मिळालेल्या साधनाची किंमत कोणाच्या तरी वेळात मोजावीच लागते.

ऐंशी टक्केच का, असे प्राचार्यांनी विचारले होते. रांगेचे शास्त्र सांगते की एका खिडकीवरचा कारकून अर्धा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला कामाच्या दुप्पट वेळ लागतो. ऐंशी टक्के असेल, तर पाचपट. नव्वद टक्के असेल, तर दहापट. भार थोडासाच वाढतो आणि वाट पाहणे मात्र अकस्मात उसळते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीवर निबंध लिहिला, तेव्हापासून या विचाराची परंपरा आहे. आमच्या दीडशे खिडक्यांना हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही, पण ओरडायचे ते जागा शिल्लक असताना, एवढा बोध पुरेसा होता. पूर्ण भरलेली यंत्रणा ही कार्यक्षम यंत्रणा नव्हे, हे पटायला समितीला दोन बैठका लागल्या. रिकामी जागा ही उधळपट्टी वाटण्याची सवय आपल्याला फार खोल लागलेली आहे.

एक विसंगती मात्र मला मिटवता आलेली नाही. माणसांवर पाळत ठेवणारा तक्ता नको, असा आग्रह मी धरला आणि तो मान्यही झाला. परंतु त्या मुलीचे खरे ज्या नोंदीने सिद्ध केले, ती नोंद माणसाच्या नावाचीच होती. यंत्राचे आकडे मला 'कोणीतरी' अडले एवढेच सांगू शकले असते. या पेचातून आम्ही एवढाच मार्ग काढला की, अशा नोंदी विद्यार्थ्याच्या तक्रारीवरूनच उघडाव्यात, त्याच्याविरुद्ध उघडू नयेत. हा नियम अहवालात आहे. तो किती दिवस पाळला जाईल, हे माणसांवर अवलंबून आहे.

मी त्या मुलीला फोन केला. तिला पदवी मिळालेली होती. निकाल जाहीर होऊन काळ लोटला होता आणि आता गुणांत काही करता येणार नव्हते, हे मी आधी चौकशी करून घेतले होते. मी तिला नोंदीविषयी सांगितले आणि माझी चूक झाली, असे म्हटले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, आता काय त्याचं. आमच्याकडं रेंज नव्हती, म्हणून शेजारच्यांच्या गच्चीवर बसले होते. त्यांनी रात्री दार लावायचं म्हणून खाली यायला सांगितलं, तवा उठले." गच्चीची ही गोष्ट कोणत्याही नोंदीत नव्हती.

नवा सर्व्हर आम्ही घेतला नाही. निबंधाच्या फाईलला पाच एमबीची मर्यादा घातली, छायाचित्रे लहान कशी करावीत याचे एक पानी टिपण प्रत्येक वर्गात लावले आणि मुदत संपण्याची वेळ रात्री बाराऐवजी दुपारची केली. मुले गच्चीवर असतील, तर निदान उजेडी असावीत. जुना संगणक अजून ग्रंथालयात कोशवाङ्मयाच्या कपाटाशेजारी चालू असतो. सत्रातल्या शेवटच्या तारखेला मी तेथे जाऊन बसते. पडद्यावरची रेषा ऐंशीच्या खाली राहिली, तरी मी फोन बंद ठेवत नाही. 'मॅडम, जात नाहीये' असे कोणी म्हणाले, तर आता मी पहिल्यांदा 'किती वाजल्यापासून?' एवढेच विचारते.